जुनी गाडी घेताना: आधी कागद, मग पाणी, मग पत्रा, इंजिन शेवटी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, इंजिनाकडे दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने पाहतो आणि मग विचारतो, “ॲव्हरेज किती देते?” उत्तर ऐकून एक चक्कर मारली की झालं बघणं. ज्या गोष्टींमुळे पैसे खरोखर बुडतात त्यांना यात हातही लागलेला नसतो.

क्लच गेला तर बदलता येतो. शॉकअप, टायर, बॅटरी, एसीचा काँप्रेसर, अगदी इंजिनाचं कामसुद्धा पैसे टाकून होतं, आणि तो खर्च बोलणी करताना किमतीतून कापून घेता येतो. तीन गोष्टींचं तसं होत नाही: कागदांतला घोळ, गाडीत शिरलेलं पुराचं पाणी आणि अपघातात वाकलेला सांगाडा. यातलं एकही निघालं तर गाडी कितीही स्वस्त मिळो, परत फिरा. म्हणून या तिन्हींचा छडा आधी लावायचा.

पुढचं सगळं पाच ते आठ वर्षं जुन्या वॅगनआर, स्विफ्ट, आय ट्वेंटी अशा घरगुती गाडीच्या हिशेबाने लिहिलं आहे. गाडी मोठी असली तरी क्रम तोच ठेवा.

घरून निघण्याआधी

फोनवरच गाडीचा नंबर आणि आरसीचा दोन्ही बाजूंचा फोटो मागा. “या तर खरं, मग बघू” म्हणणाऱ्याकडे जाण्यात रविवार घालवू नका.

नंबर सरकारच्या एमपरिवाहन ॲपमध्ये टाकला की बरंच काही समोर येतं: नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडी कितव्या मालकाकडे आहे, कुठल्या बँकेचा बोजा आहे का. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जाहिरात केलेली गाडी तिसऱ्या मालकाकडे असेल तर ते तिथेच उघडं पडतं. विकणारा आणि आरसीवरचा मालक वेगळे असतील तर नातं काय, हे विचारा. वडील वारले आणि मुलगा गाडी विकतोय, असं असेल तर आधी गाडी मुलाच्या नावावर होऊ द्या, मग व्यवहाराचं बोला.

आरसीवर गाडी कोणत्या महिन्यात बनली तेही छापलेलं असतं. नोव्हेंबरात बनलेली आणि पुढच्या मे महिन्यात पासिंग झालेली गाडी विकणारा पासिंगच्या वर्षाने सांगतो. तुम्ही भाव बनलेल्या वर्षाने लावा.

ई-चलान महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या साइटवर बघता येतात. तिथे नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे लागतात, म्हणून आरसीचा फोटो हवा. दोन-चार चलानं निघाली तर घाबरण्यासारखं काही नाही, व्यवहाराआधी विकणाऱ्याने ती भरायची. मात्र वेग आणि सिग्नलची चलानं रांगेने दिसली तर गाडी कशी चालवली गेली हेही कळतं.

बोज्याच्या बाबतीत भीड ठेवू नका. “हप्ते कधीच संपलेत, फक्त आरसीवरून नाव काढायचं राहिलंय” हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरीही बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) प्रत्यक्ष बघा. पत्र जुनं झालं असेल तर बँकेकडून नवं आणावं लागतं, आणि ते आणायला मूळ कर्जदारालाच जावं लागतं. उद्या तो फोन उचलेनासा झाला तर गाडी तुमच्या दारात आणि बोजा बँकेचा. बोजा त्यालाच उतरवायला सांगा, उरलेले पैसे त्यानंतर.

परराज्यातली गाडी स्वस्त का मिळते, याचा आधी विचार करा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणायला सांगितली. तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या पडत्या भावात इतर राज्यांत येत राहिल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते आणि महाराष्ट्रात रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून हिशेब मांडला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

शेवटी विम्याची पॉलिसी मागा. ती फक्त तारखेपुरती बघू नका, त्यात ‘नो क्लेम बोनस’ किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की हा बोनस २०, २५, ३५, ४५ करत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल, तर गेल्या वर्षी क्लेम झाला असेल किंवा विमा नव्वद दिवसांहून जास्त काळ खंडित राहिला असेल. कशाचा क्लेम, किती रकमेचा, हे सरळ विचारा. पॉलिसीचा हा एक आकडा विकणाऱ्याच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगतो.

गाडीपाशी पोचल्यावर

दिवसाउजेडी जा. संध्याकाळी, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली किंवा नुकत्याच धुतलेल्या ओल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी आधीच ‘तयार’ करून ठेवली असण्याची शक्यता आहे.

पहिलं काम चासी नंबर. तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि पत्र्यावर ठोकलेला असतो. काही गाड्यांत बॉनेटखाली मागच्या भिंतीवर, काहींत पुढच्या सीटखाली गालिच्याच्या आत. आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबराभोवतीच तेवढा ताजा रंग, घासल्याच्या खुणा किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वळणाचा दिसला तर तिथेच थांबा. इंजिन नंबरही असाच जुळवा.

पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत किती गाड्या बुडाल्या हे पाहणारे अजून आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. अशा गाड्यांचं पुढे काय होतं? विमा कंपनी टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून मालकाला पैसे देते, गाडी लिलावात जाते, कुणीतरी ती वाळवतो, सीट धुतो आणि दूरच्या शहरात विकतो. त्यामुळे एमएच ०९ (कोल्हापूर) किंवा एमएच १० (सांगली) पासिंग दिसलं म्हणून बिचकू नका, तिथल्या बहुतेक गाड्यांना पुराचं पाणी शिवलेलंही नाही. उलट एमएच १२ (पुणे) दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. पासिंग मूळ गावाचं असतं, गाडी कुठे बुडाली ते त्यावर लिहिलेलं नसतं.

बुडालेली गाडी वरवर अगदी स्वच्छ असू शकते. म्हणून जिथे साफ करणाऱ्याचा हात पोचत नाही तिथे बघा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडे मातकट डाग किंवा पट्ट्यावर ठरावीक उंचीवर आडवी रेषा असेल तर विषय संपला. पुढची सीट मागे सरकवून खालच्या रुळांवर टॉर्च मारा. सीटचे बोल्ट, पेडलची मुळं आणि डॅशबोर्डखालच्या पट्ट्यांवर गंज कोरड्या राहिलेल्या गाडीत सहसा चढत नाही. दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचलून गालिचा मागे सारा आणि खालचा फोम बोटाने दाबून वास घ्या. डिकीत स्टेपनी काढून तिच्या खळग्यात चिखलाची पूड साचली आहे का पहा. फ्यूज बॉक्स उघडा. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ किंवा धुकं आहे का, तेही पहा.

आठ वर्षांच्या गाडीत कोरे सीट कव्हर, नवं मॅटिंग आणि नाक झिणझिणवणारा परफ्यूम एकत्र भेटले, तर संशय घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

इतकी काळजी कशाला? इंजिनात पाणी गेलं तर ते उघडून साफ करता येतं. वायरिंगचं तसं नाही. कनेक्टरच्या पिना आतून हळूहळू खातात आणि वर्षभराने कधी पॉवर विंडो, कधी एबीएसचा दिवा, कधी भर रस्त्यात बंद पडलेली गाडी असा खेळ सुरू होतो. दोष नेमका कुठे आहे हे चांगल्या वायरमनलाही सापडत नाही.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या समुद्राजवळच्या गाडीला पुराशिवायही गंज धरतो, पण तो खालून, सायलेन्सर आणि सस्पेन्शनच्या भागांवर असतो. वरवरचा तांबूस थर चालेल. स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पापुद्रे निघाले तर नको.

पत्रा आणि सांगाडा

पुण्यामुंबईत चालणाऱ्या गाडीचा बंपर रंगवलेला नसेल तर नवल. बंपर, दार, फेंडर रंगवलेला निघाला तर भावात घासाघीस करा आणि पुढे चला. पत्र्याचं काम कुठे झालंय हा खरा प्रश्न आहे.

गाडीपासून दहा पावलं लांब उभं राहून एका बाजूने तिरकं बघा. रंगाची छटा दारादारांत बदलते का? बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का? मग बोटाने ठोकत जा. मूळ पत्रा पातळ, खणखणीत वाजतो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेला भाग बद्द वाजतो. खिशात फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक ठेवा, जाड लांबीवर ते धरत नाही.

आता दारं उघडून कडेचं रबर थोडं ओढून बाजूला करा. आत कंपनीच्या यंत्राने केलेल्या वेल्डिंगचे गोल, सारख्या अंतरावरचे ठिपके दिसायला हवेत. ते गायब असतील किंवा त्या जागी वेल्डिंगची ओबडधोबड रेघ असेल तर दाराचा तो खांब कापून जोडला आहे. खांबावर किंवा छतावर काम दिसलं तर गाडी उलटली असावी असं धरून चाला आणि निघा. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (इंजिनाच्या कडेचे आतले पत्रे) आणि रेडिएटर धरून ठेवणारी पुढची आडवी पट्टी बघा, डिकीत स्टेपनीखालचा तळ बघा. तिथे चुरगळून सरळ केल्यासारखा पत्रा किंवा ताजा काळा रंग दिसला तर मार सांगाड्यापर्यंत गेला आहे. बिजागऱ्यांच्या आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते भाग कधीतरी खोलले गेले आहेत.

काचा विसरू नका. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव आणि सालाची खूण असते. पाच काचा एका कंपनीच्या आणि गाडीच्याच सालातल्या, एकच वेगळी. मग ती का बदलली ते विचारा. पुढची काच दगडाने फुटते, त्यात विशेष नाही. मागच्या दाराची बदललेली असेल तर ती बाजू पुन्हा नीट तपासा.

डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागतील इतपतच चावी फिरवा (‘ऑन’वर), गाडी सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून थोड्या वेळाने विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर उघडलेल्या एअरबॅग परत न बसवता दिव्याची वायर कापली असण्याची शक्यता असते. चेक इंजिनचा दिवाही आधी लागायलाच हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा.

आता इंजिन

थंड गाडी सुरू करताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. थंडीत थोडी पांढरी वाफ येते आणि जाते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. डिझेलचा जरासा काळा धूर रेस दिल्यावर ठीक, उभ्या गाडीत नको.

ऑइलचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा. दुधाळ, मलईसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. डिझेल गाडीत हे झाकण इंजिन सुरू असताना काढा. आतून धूर भकाभका बाहेर फेकला जात असेल तर ते बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिनाचं मोठं काम जवळ आलंय. कूलंटची बाटली मात्र इंजिन थंड असतानाच उघडा. आत हिरवं, गुलाबी काहीही चालेल, गंजाचं पाणी नको.

बीएस सहा (प्रदूषणाचा नवा निकष) डिझेल, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरची, घेणार असाल तर गाडी रोज किती अंतर चालत होती ते विचारा. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, आणि तो साफ होण्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. घर ते शाळा एवढीच धावलेली डिझेल कमी किलोमीटरची असूनही दुखणेकरी असू शकते. सीएनजी असेल तर किटची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते.

मीटरवर विश्वास नको, मीटर मागे घेणं सोपं आहे. घरगुती गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर चालते. सात वर्षांत तीस हजार म्हणत असतील तर पेडलचं रबर, स्टिअरिंगची कड आणि चालकाच्या सीटची दाराकडची बाजू बघा, झीज तिथे लपत नाही. टायर कधी बनला हे त्यावरच्या चार आकड्यांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला फोन करून जुन्या नोंदी मागायला लावा. नोंदींतले किलोमीटर सालागणिक वाढत गेले पाहिजेत.

चक्कर

रस्ता तुम्ही निवडा. चढ, खड्डे, गर्दी आणि दोन किलोमीटर मोकळा रस्ता, एवढं मिळालं पाहिजे. रेडिओ बंद, एसी सुरू. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा; कटकट आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला आहे. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून जोरात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच संपला. सपाट रस्त्यावर, मागे कुणी नसताना ब्रेक जोरात लावा आणि गाडी एका बाजूला ओढते का पहा. चढावर हँडब्रेक लावून उभी करा. खड्ड्यातली खडखड बुश-लिंकची असेल तर किरकोळ, स्टिअरिंग रॅकची असेल तर खर्चिक. फरक तुमचा मेकॅनिक सांगेल.

आणि मेकॅनिक तुमचाच हवा. विकणाऱ्याने सुचवलेला “आपला माणूस” नको. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघू द्यायला आणि ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावू द्यायला विकणारा तयार नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. ही तपासणी फुकट करायला सांगू नका. मित्राच्या ओळखीने फुकट आलेला मेकॅनिक दहा मिनिटांत “चांगली आहे, घ्या” म्हणून मोकळा होतो.

पैसे आणि नाव

टोकन अगदी थोडं द्या, आणि बोजा किंवा चासी नंबरात घोळ निघाल्यास ते परत मिळेल असं लिहून घ्या. उरलेले पैसे बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात. दोन्ही चाव्या, मूळ आरसी, पॉलिसी, सर्व्हिसची बिलं, मालकाच्या पॅन-आधारच्या प्रती, आणि नाव बदलण्याचे टीटी फॉर्म म्हणजे २९ आणि ३० सह्यांसकट. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेलं पत्र दोघांनी ठेवा. ताबा देण्याआधीचं चलान कुणाचं आणि नंतरचं कुणाचं, हे त्या वेळेवरून ठरतं.

एजंटामार्फत घेत असाल तर लक्षात ठेवा, जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते दाखवा म्हणा. मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी हातोहात फिरवणारे आजही आहेत. अशा गाडीत मधल्या दोन खरेदीदारांचा कागदावर पत्ताच नसतो.

“नावावर करू की सावकाश” हे मालकालाही परवडणारं नाही, त्याला हे समजावून सांगा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकाची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करून घेण्याचा अर्ज चौदा दिवसांत करा. त्या वेळी विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते, ती आधीच हिशेबात धरा. जुना फास्टॅग त्याला बंद करायला लावून स्वतःचा घ्या.

अर्ज गेल्यावर अधूनमधून एमपरिवाहनवर नंबर टाकत राहा. मालकाचा क्रमांक एकने वाढलेला दिसेपर्यंत विकणाऱ्याचा फोन नंबर जपून ठेवा. तोवर ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. टायमिंग बेल्टची गाडी असेल आणि तो बदलल्याचं बिल नसेल, तर बेल्टही लगेच बदला. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकतात.